मेलबर्नचा वाळूपट्टा : श्रेय डॉक्टरचं की माळ्याचं?

दक्षिणवारा (धागाकर्ता)

मेलबर्नच्या आग्नेय उपनगरांत, लोकांच्या घरांच्या कुंपणांना खेटून, जगातले काही उत्तम गोल्फ कोर्स दाटीवाटीने बसले आहेत. रॉयल मेलबर्न, किंग्स्टन हीथ, व्हिक्टोरिया, मेट्रोपॉलिटन, कॉमनवेल्थ, हंटिंगडेल, यारा यारा, वुडलंड्स आणि जरा लांब फ्रँक्स्टनला पेनिन्सुला किंग्सवुड. या पट्ट्याला इथे सगळे 'सँडबेल्ट' म्हणतात. जमिनीत खोलवर वाळू आहे, म्हणून. पूर्वी इथे भाजीमळे होते. हीदरटन, डिंगली या भागांत वाळू उपसायच्या खाणी होत्या, आणि वाळू संपल्यावर त्याच खड्ड्यांत शहराचा कचरा ओतला गेला. कोर्स ज्या तुकड्यांवर झाले ते वाचले म्हणायचे.

गोल्फ न खेळणाऱ्यांसाठी दोन ओळी. कोर्सवर अठरा होल. प्रत्येक होलची सुरुवात टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, मधे कापलेल्या गवताचा फेअरवे, शेवटी ग्रीन, म्हणजे अगदी बारीक गवताचा तुकडा, ज्यावर खळगा आणि झेंडा. वाटेत वाळूचे खड्डे, ते बंकर. कसलेल्या खेळाडूने जितक्या फटक्यांत होल संपवावा तो आकडा म्हणजे पार. एवढ्या भांडवलावर धागा वाचता येतो.

आता मुद्दा. सँडबेल्टचं नाव निघालं की पाठोपाठ एकच नाव येतं : डॉ. अ‍ॅलिस्टर मॅकेंझी. जन्म १८७० चा, यॉर्कशायरचा. केंब्रिजमध्ये वैद्यक शिकलेला. बोअर युद्धात सर्जन म्हणून गेला आणि तिथे जखमांपेक्षा जास्त लक्ष त्याने खंदकांकडे दिलं असावं. बोअर सैनिक जमिनीचे उंचवटे वापरून स्वतःला कसे लपवतात, हे त्याने बारकाईने पाहिलं. पहिल्या महायुद्धात तो कॅमोफ्लाज शिकवत होता. पुढे डॉक्टरकी सुटली आणि तो पूर्णवेळ गोल्फ कोर्स आखू लागला. कॅलिफोर्नियातला सायप्रस पॉइंट त्याचा, आणि अमेरिकन गोल्फपटू बॉबी जोन्सबरोबर केलेला ऑगस्टा नॅशनलही त्याचाच. तिथे भरणाऱ्या मास्टर्सची पहिली स्पर्धा १९३४ च्या वसंतात झाली, हा त्याच वर्षी जानेवारीत वारला.

रॉयल मेलबर्नने त्याला बोलावलं, ऑक्टोबर १९२६ मध्ये तो आला. क्लब हिशेबी होता. त्याला इतर क्लबांना सल्ला द्यायची मोकळीक दिली आणि त्या फीमधला वाटा घेऊन स्वतःचा खर्च हलका केला. त्यामुळे किंग्स्टन हीथ, व्हिक्टोरिया, मेट्रोपॉलिटन, पलीकडे अ‍ॅडलेड, सिडनी, ब्रिस्बेन सगळीकडे त्याचा हात फिरला. पण तो या देशात होता किती दिवस? सुमारे दोन महिने. मग न्यूझीलंड, मग अमेरिका. ऑस्ट्रेलियात तो परत कधीही आला नाही. रॉयल मेलबर्नचा वेस्ट कोर्स सुरू झाला १९३१ मध्ये. ज्याच्या नावावर तो आहे त्याने तो पूर्ण झालेला पाहिलाच नाही.

मग बांधला कुणी? दोघांनी. एक अ‍ॅलेक्स रसेल, इंजिनियर, महायुद्धात तोफखान्यात होता, १९२४ ची गोल्फची ऑस्ट्रेलियन ओपन त्याने हौशी खेळाडू म्हणून जिंकली होती. मॅकेंझीने त्याला इथला भागीदार नेमलं. दुसरा मिक मॉरकम, क्लबचा हेड ग्रीनकीपर. नांगर, घोड्यांनी ओढायची फावडी आणि नजर, एवढ्या सामानावर त्याने ते बंकर आणि ती ग्रीन उभी केली. वेस्टच्या पाचव्या होलचं काम मॅकेंझी असतानाच सुरू झालं, त्यामुळे त्याला काय हवंय ते मॉरकमने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढचं सगळं त्याने आणि रसेलने.

शेजारचा ईस्ट कोर्स तर सरळ रसेलचाच, १९३२ चा. तरी बाहेरून आलेला माणूस दोन्हीकडे बोट दाखवून म्हणतो, वा, मॅकेंझी!

मला म्हणायचंय ते इतकंच की या वाळूपट्ट्याचं पितृत्व दोन महिन्यांच्या पाहुण्याला देऊन आपण मोकळे होतो, ते बरोबर नाही. मंडळींची मतं वाचायला आवडतील. गोल्फ खेळत नसलात तरी लिहा.

कोपऱ्यातला_कावळा

गोल्फमधलं शून्य कळतं, तरी शेवटपर्यंत वाचलं. पण खंदक लपवण्याचा आणि गोल्फचा संबंध काय? इथे तर खड्डे उघड्यावर पांढरेफेक दिसतात. जरा इस्कटून सांगा.

दक्षिणवारा

@कोपऱ्यातला_कावळा, चांगला प्रश्न. दोन गोष्टी आहेत.

पहिली म्हणजे माणसाचं काम निसर्गाचं वाटावं. मॅकेंझीच्या आधीच्या पिढीत इंग्लंडमध्ये बरेच बंकर चौकोनी, मातीचे बांध घातलेले, शाळेच्या मैदानावर लांब उडीसाठी खणावे तसे असत. याने त्यांच्या कडा वेड्यावाकड्या केल्या, मागच्या टेकाडाच्या रेषेशी जुळवल्या.

दुसरी गंमत अंतराची. झेंड्याच्या दिशेने बघितलं की एक बंकर ग्रीनला अगदी चिकटलेला दिसतो. प्रत्यक्षात तो बराच अलीकडे असतो आणि मधे हिरवळीचा मोठा तुकडा लपलेला असतो. तुम्ही अंतर कमी समजता आणि चेंडू आखूड पडतो. हल्ली हातात लेझरचं यंत्र असतं, बरोब्बर मीटर सांगतं, तरी डोळा यंत्रावर विश्वास ठेवायला तयार होत नाही.

तिसरी (दोन म्हणालो होतो, असो) म्हणजे कोन. रॉयल मेलबर्नचे फेअरवे चांगले रुंद आहेत. नवखा म्हणतो, सोपंय की. पण ग्रीन तिरकं बसवलेलं असतं. फेअरवेच्या एका अंगाने आलात तर दार उघडं, दुसऱ्या अंगाने आलात तर बंकरवरून मारा आणि उतारावर चेंडू थांबवून दाखवा. ज्या अंगाने दार उघडं, त्या अंगाला पहिल्या फटक्याला धोका ठेवलेला. वेस्टचा सहावा होल उजवीकडे वळतो. आतल्या कोपऱ्यात बंकर आहेत. त्यांच्यावरून मारायची छाती असेल तर पुढचा फटका छोटा, नाहीतर लांबून या. ग्रीन मागून पुढे असं उतरतं की झेंड्याच्या वरच्या बाजूला चेंडू गेला तर देवाचं नाव घ्यायचं.

आणि वेस्टचा दहावा! पार चार, पण लांबी तीनशे मीटरच्याही आत. दणकट खेळाडू एका फटक्यात ग्रीन गाठू शकतो. डावीकडे टेकाडात एक खोल भला मोठा बंकर आ वासून बसलाय. मोठमोठे व्यावसायिक खेळाडू तिथे टीवर उभे राहून चेहरे वेडेवाकडे करताना पाहिलेत.

आळशी_अजगर

आता थोडं विरजण घालतो. शहराच्या मधोमध शेकडो एकर जमीन, त्यावर मूठभर सभासद, आणि ऑस्ट्रेलियासारख्या कोरड्या देशात गवताला पाणी. कोण डिझायनर होता यावर चर्चा करताय, पण जमीन कुणाची आणि पाणी कुणाचं यावर कुणी बोलत नाही. आपल्याकडे टँकरने पाणी आणणाऱ्या गावांच्या शेजारी गोल्फचे बंगले-प्रकल्प उभे राहतात तेव्हा माझं डोकं फिरतं.

छावणीवाला

घ्या! पॉपकॉर्न घेऊन बसतो.

मातीमोल

@आळशी_अजगर यांचा राग समजतो. पण पाण्याबद्दल माती शिकलेली बाई म्हणून चार गोष्टी लिहिते. डिझायनरच्या वादातही त्या कामाच्या आहेत.

आपल्या काळ्या मातीत चिकणमातीचं प्रमाण प्रचंड. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, पाणी धरून ठेवते. कापसाला उत्तम, गोल्फला शत्रू. पाऊस पडला की चिखल, म्हणून चेंडू पडला तिथेच रुततो. मग आकाशातून थेट झेंड्यावर चेंडू टाकणं हा एकच खेळ उरतो. अशा जमिनीवर नवीन ग्रीन बांधताना सगळं उकरून तळाला निचऱ्याचे पाइप, वर साधारण १० सेंटिमीटर खडी आणि त्यावर ३० सेंटिमीटर वाळूचा थर घालतात. म्हणजे पैसे ओतून कृत्रिम वाळूपट्टा तयार करतात.

मेलबर्नच्या या पट्ट्यात ते निसर्गानेच केलेलं आहे. पाणी झिरपून जातं, पृष्ठभाग टणक राहतो, चेंडू पडून पुढे धावतो. चेंडू धावतो म्हणूनच वरच्या प्रतिसादातला 'कोन' कामाचा. ओल्या मातीवर मॅकेंझीची सगळी बुद्धी वाया गेली असती.

बंकरच्या कडांचंही तेच. सँडबेल्टची खूण म्हणजे ग्रीनचं गवत थेट बंकरच्या ओठापर्यंत कापलेलं असतं, मधे लांब गवताची झालर नाही. ग्रीनवरून घरंगळणारा चेंडू सरळ खाली वाळूत. अशी ताठ, धारदार कड टिकायला खालची वाळू घट्ट बसणारी लागते. इथली तशी आहे. दुसरीकडे नक्कल करायला गेलेले कितीतरी जण पहिल्या जोरदार पावसात कडा ढासळलेल्या पाहतात.

आता पाणी. १९९० च्या दशकाच्या शेवटापासून २००९ च्या आसपासपर्यंत या भागाने भीषण दुष्काळ पाहिला. त्या काळात बऱ्याच क्लबांनी फेअरवेवर कमी पाण्यात तगणारं काउच गवत वाढवलं, म्हणजे आपली हरळीच, तिचेच भाईबंद. ग्रीनवर मात्र बेंट नावाचं बारीक गवत. पावसाचं वाहून जाणारं पाणी साठवायला तळी केली. आता सांडपाणी शुद्ध करून पाइपने डिंगली भागातल्या क्लबांना आणि बागांना द्यायची योजनाही झाली आहे. शिवाय फेअरवेच्या बाहेरची जमीन कोरडीच ठेवतात. तिथे मूळची हीथ (खुरटी झुडपं), टी-ट्री, रानफुलं. शहरातून जवळजवळ नाहीशी झालेली ही वनस्पती या कुंपणांच्या आत तगून आहे. याचा अर्थ सगळं छान आहे असा नाही. पण टँकरच्या गावाशेजारचा बंगला-प्रकल्प आणि हे एका मापाने मोजू नका.

कोपऱ्यातला_कावळा

हरळीवर श्रीमंत लोक खेळतात हे वाचून आमच्या अंगणाबद्दलचा आदर वाढला.

कंपासपेटी

मी वास्तुरचनाकार आहे, त्यामुळे धागाकर्त्याशी थोडी कुस्ती.

इमारत गवंडी बांधतो. म्हणून ती गवंड्याची होत नाही. मॅकेंझीने नुसती भेट दिली नाही. अठरा होल जमिनीवर कसे फिरवायचे, कुठलं टेकाड ग्रीनसाठी आणि कुठलं टीसाठी, कुठे वाऱ्याच्या दिशेने आणि कुठे विरुद्ध, ही आखणी त्याची. हे एकदा अचूक जमलं की उरलेलं काम शंभर वर्षं कुणीही करत राहू शकतं. चुकलं तर जगातला सर्वोत्तम माळी आणा, काही होत नाही. दोन महिने म्हणून हिणवता, पण आखणीला दोन महिने पुष्कळ झाले.

तुमच्या बाजूचं उदाहरण मीच देतो, म्हणजे भांडण बरोबरीचं होईल. किंग्स्टन हीथ. जगाच्या यादीत रॉयल मेलबर्नच्या खालोखाल त्याचं नाव घेतात आणि तिथेही मॅकेंझी-मॅकेंझी चालतं. आखणी मात्र डॅन साउटरची, जो स्कॉटलंडच्या कार्नूस्टीहून आला आणि १९०५ ची ऑस्ट्रेलियन ओपन जिंकला. कोर्स १९२५ चा. तेव्हा अठरा होल मिळून त्याचा पार ८२ होता! आजकाल ७२ च्या आसपास असतो. जमीन बऱ्यापैकी सपाट आणि आटोपशीर. मॅकेंझीने येऊन होलांच्या मांडणीत बदल सुचवला तो मुख्यतः एकच : पंधरावा. तो चढावर आंधळेपणाने मारायचा छोटा पार चार होता, त्याचा त्याने टेकडीवरच्या ग्रीनकडे मारायचा पार तीन केला. आज तो ऑस्ट्रेलियातल्या सर्वात नावाजलेल्या पार तीनपैकी एक. बाकी त्याने दिला तो बंकरांचा आराखडा. सपाट जमिनीला त्या बंकरांनी चेहरा दिला हे खरं, पण चाल साउटरचीच.

आणि तो आराखडा जमिनीवर उतरवणारा कोण? पुन्हा मिक मॉरकम. पुढे अनेक दशकं तो कोर्स सांभाळणारा त्याचा मुलगा व्हर्न. झालात खूश?

दक्षिणवारा

@कंपासपेटी, दंडवत. साउटरवर मी लिहिणारच होतो, तुम्ही जास्त नीट लिहिलंत.

पण गवंड्याचा दाखला इथे लागू पडत नाही असं माझं म्हणणं. इमारत बांधून झाली की दगड जागचा हलत नाही. कोर्स रोज वाढतो, रोज कापला जातो. ग्रीनची कड दर वर्षी चार बोटं आत आली तर वीस वर्षांत झेंड्याच्या कोपऱ्यातल्या जागाच नाहीशा होतात, बंकर ग्रीनपासून सुटतो आणि कागदावरचा 'कोन' मरतो. जगभर मॅकेंझीचे कितीतरी कोर्स असे हळूहळू पुसले गेले, आता जुने फोटो बघून परत उकरतायत. रॉयल मेलबर्न त्या मानाने टिकलं. का? कारण मॉरकमनंतर क्लॉड क्रॉकफर्ड आला. १९३० च्या दशकाच्या मध्यापासून १९७० च्या दशकापर्यंत त्याने ही ग्रीन राखली. चाळीस वर्षं एकाच माणसाचा हात. त्याच्या ग्रीनचा वेग हीच त्या क्लबची ओळख झाली. बंदिश एकाची असेल, पण ती चाळीस वर्षं रोज पहाटे कुणी गायली हेही विचारा ना.

तो वेग किती टोकाला जाऊ शकतो याचा किस्सा तो निवृत्त झाल्यानंतरचा आहे. १९८७ ची ऑस्ट्रेलियन ओपन इथे होती. तिसऱ्या होलच्या ग्रीनवर झेंड्याजवळ चेंडू ठरेचना. खेळाडू अडून बसले, त्या दिवशीचा खेळ मधेच थांबवावा लागला. स्पर्धा ग्रेग नॉर्मनने १० फटक्यांनी जिंकली. उलट २००४ मध्ये हाइनकेन क्लासिक या स्पर्धेत अर्नी एल्सने इथे अठरा होलची फेरी ६० फटक्यांत संपवली. म्हणजे अवघड आहे, पण दार बंद करून बसलेला कोर्स नाही. ग्रीन जरा मऊ आणि वारा पडलेला असला की भल्या खेळाडूला तो देतो.

एक भर. मोठ्या स्पर्धा तिथे होतात त्या वेस्टवरही नाही आणि ईस्टवरही नाही, तर 'कंपोझिट'वर. १९५९ च्या कॅनडा कप या देशादेशांतल्या स्पर्धेसाठी वेस्टचे १२ आणि ईस्टचे ६ होल एकत्र केले, म्हणजे प्रेक्षकांना मधले रस्ते ओलांडावे लागू नयेत. टीव्हीवर लोक 'मॅकेंझीचा कोर्स' म्हणून जो पाहतात त्याचा तिसरा हिस्सा रसेलचा आहे, आणि जोड कुठे आहे ते सांगितल्याशिवाय कळत नाही. रसेलसाठी याहून मोठं प्रमाणपत्र काय देणार?

कंपासपेटी

हे पटलं. तिसऱ्या हिश्श्याचं तर अगदीच.

अवांतर : मेट्रोपॉलिटनच्या बाबतीत आणखी घोळ आहे. तो मुळात आखला जे. बी. मॅकेंझी नावाच्या इंजिनियर सभासदाने, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. डॉक्टर मॅकेंझी वेगळा, नंतर येऊन सल्ला देऊन गेला. आडनाव एकच, त्यामुळे श्रेय आपोआप मोठ्या मॅकेंझीच्या खात्यात जमा. पुढे तिथली काही जमीन सरकारने शाळेसाठी घेतली, तेव्हा बदली जमिनीवरचे होल डिक विल्सन या अमेरिकन डिझायनरने केले. एकाच फेरीत दोन खंडांची गोल्फ-समज पायाखालून जाते. माझ्या मते शेवटचे होल पहिल्यांच्या तोडीचे नाहीत, पण तिथलं गवत पाहून टीका गिळावी लागते.

छावणीवाला

पॉपकॉर्न संपलं, आता लिहितो.

वडील फौजेत, त्यामुळे लहानपणी छावण्यांच्या गोल्फ कोर्सवर चेंडू शोधून देणं हा आमचा सुट्टीचा धंदा. तिथे ग्रीन नसायचं, 'ब्राऊन' असायचं. म्हणजे तेल मिसळून दाबलेली वाळू. पाण्याची बोंब, मग हिरवं कुठून आणणार? खेळून झालं की पावलांच्या खुणा पुसायला एक माणूस फळी ओढत फिरायचा. त्याला आम्ही कॅप्टनपेक्षा जास्त घाबरायचो. @दक्षिणवारा, तुमच्या मॉरकम-क्रॉकफर्डच्या गोष्टीत मला तो माणूस दिसला.

विचारायचं होतं ते वेगळंच. वडिलांच्या तोंडी पीटर थॉमसन हे नाव फार असायचं. इंडियन ओपन त्याच्यामुळे सुरू झाली असं ते म्हणायचे. तो मेलबर्नचाच ना?

दक्षिणवारा

अगदी मेलबर्नचाच. जन्म १९२९, ब्रन्सविक. म्हणजे शहराच्या उत्तरेकडची कामगार वस्ती, वाळूपट्ट्याच्या बरोब्बर उलट्या टोकाला. खेळायला लागला तो रॉयल पार्कच्या सार्वजनिक कोर्सवर. नंतर व्हिक्टोरिया क्लबचा सभासद झाला. ब्रिटिश ओपन पाच वेळा जिंकली : १९५४, ५५, ५६, ५८ आणि ६५. १९५४ साली तर ब्रिटिश ओपन थॉमसनकडे आणि ब्रिटिश हौशी स्पर्धा डग बाख्लीकडे, दोघेही याच एका क्लबचे.

त्याचा खेळ वाळूपट्ट्यावर घडलेला. चेंडू फार उंच न उडवता मारायचा, जमिनीवरून पळवायचा, उतार वाचायचे. ताकद दाखवायची हौस नाही. म्हणून ब्रिटनच्या समुद्रकाठच्या टणक कोर्सवर तो घरच्यासारखा खेळला.

वडील बरोबर सांगायचे. इंडियन ओपनची पहिली स्पर्धा १९६४ ची, दिल्ली गोल्फ क्लबवर, आणि ती सुरू करण्यात थॉमसनचा मोठा वाटा होता. जिंकलाही तोच. पुढे १९६६ आणि १९७६ ला पुन्हा. अमेरिकेत पैसा असताना हा माणूस आशियात स्पर्धांचं जाळं विणायला फिरत होता. दिल्ली गोल्फ क्लबच्या लोधी कोर्सची १९७० च्या दशकातली पुनर्रचनाही त्याचीच. जुन्या कबरी आणि घुमट, दोन्ही बाजूंना दाट झाडी, त्यामधून बोळासारखे फेअरवे. रॉयल मेलबर्नच्या ऐसपैस रुंदीच्या अगदी विरुद्ध, कारण जागाच तशी होती. २०१९ मध्ये गॅरी प्लेयरने तो कोर्स पुन्हा बदलला, त्यामुळे थॉमसनचा हात आता तिथे कितपत उरलाय हे दिल्लीकरांनीच सांगावं.

आणखी एक. १९९८ ला प्रेसिडेंट्स कप रॉयल मेलबर्नवर झाला, तेव्हा अमेरिकेविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय संघाचा कप्तान थॉमसन होता, समोर कप्तान जॅक निक्लॉस. आंतरराष्ट्रीय संघाने ती स्पर्धा जी जिंकली ती जिंकली, त्यानंतर आजतागायत नाही. २०११ आणि २०१९ ला तिथेच परत खेळले, दोन्ही वेळा अमेरिका. २०१९ ला टायगर वुड्स कप्तानही होता आणि खेळतही होता. २०२८ ला हा कप किंग्स्टन हीथवर आहे.

थॉमसन २०१८ मध्ये गेला.

पर्वतीच्या_पायऱ्या

प्रेसिडेंट्स कपचा विषय निघालाच आहे तर आपला अनिर्बान लाहिरी त्यात खेळलाय, २०१५ आणि २०१७ ला. जन्म पुण्याचा, १९८७ चा, त्यामुळे आम्ही हक्क सांगणारच. मेलबर्नला खेळायची संधी त्याला त्या संघातून मिळाली नाही, चुटपुट लागते.

आळशी_अजगर

मातीमोल ताई, हीथचा मुद्दा मान्य. पण जमिनीचा प्रश्न तुम्ही सगळ्यांनी शिताफीने टाळलात. मेलबर्नमध्ये घरांच्या किमती काय आहेत ते तिथल्या कुठल्याही मराठी पोराला विचारा. एवढ्या मोक्याच्या जागा गोल्फकडे का?

दक्षिणवारा

टाळत नाही. उलट हा प्रश्न इथे रोज पेटलेला असतो. डिंगलीला किंग्सवुड नावाचा क्लब होता. २०१३ मध्ये तो फ्रँक्स्टनच्या पेनिन्सुला क्लबात विलीन झाला आणि डिंगलीची जमीन घरबांधणीसाठी विकली गेली. त्या पैशातून फ्रँक्स्टनचे दोन्ही कोर्स नव्याने घडवले, तेही देखणे. तुमच्या हिशेबाने सगळे खूश व्हायला हवे होते. प्रत्यक्षात डिंगलीच्या रहिवाशांनी गृहप्रकल्पाविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला. त्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात गोल्फची काठी धरली नसेल. त्यांना झाडं हवी होती, पाणी मुरायला जागा हवी होती, रस्त्यांवर गर्दी नको होती. म्हणजे 'गोल्फवाले विरुद्ध सामान्य जनता' इतकं सरळ नाही. माझं स्वतःचं मत : जमीन राहावी, कुंपण खाली यावं. स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स रविवारी बंद असतो आणि गावकरी त्यावर कुत्री फिरवतात. इथल्या खासगी क्लबांना हे सुचवून बघा, मॅनेजरला घेरी येईल.

मातीमोल

कुंपण खाली यावं याला माझंही अनुमोदन. फक्त कुत्र्यांच्या आधी हीथच्या ताटव्यांना वेगळं कुंपण घाला.

कंपासपेटी

पेनिन्सुला किंग्सवुडचं काम ज्यांनी केलं ते ओसीएम, म्हणजे जेफ ओगिल्वी, माइक कॉकिंग, अ‍ॅशली मीड. ओगिल्वी हा मेलबर्नचाच, २००६ ची यूएस ओपन जिंकलेला. आधी माइक क्लेटनही त्यांच्याबरोबर होता, तोही मेलबर्नचा, खेळाडू आणि लिहिता माणूस. रॉयल मेलबर्नला सल्लागार म्हणून अमेरिकेचा टॉम डोक. या पिढीचं काम गंमतीचं आहे. नवं काही 'दाखवायचं' नाही, जुन्या आराखड्यावर साठलेली धूळ काढायची. मधल्या काळात हौशी समित्यांनी जिथे तिथे झाडं लावून फेअरवे अरुंद केले होते, ती काढायची, ग्रीनच्या कडा परत बाहेर न्यायच्या. सभासद झाडं तोडू देत नाहीत, पहिली दोन वर्षं शिव्या घालतात. स्वतःच्या कल्पनेला आवर घालणं आमच्या धंद्यात सर्वात अवघड, म्हणून मला या लोकांचं कौतुक.

पर्वतीच्या_पायऱ्या

धागा वाचनखूण म्हणून साठवला. आता कामाचा प्रश्न. डिसेंबरात लेकीकडे मेलबर्नला येतोय, आम्ही दोघंही. यजमान पुण्यात अधूनमधून खेळतात, हँडिकॅप (म्हणजे पारपेक्षा साधारण किती फटके जास्त लागतात तो आकडा) चोवीसच्या आसपास. मी फक्त चालते. यातलं काही बघायला किंवा खेळायला मिळेल का, की फाटकावरूनच परत?

दक्षिणवारा

@पर्वतीच्या_पायऱ्या, ताई, तुम्हाला माझ्यापेक्षा सोपं आहे. मेलबर्नमध्ये राहणाऱ्याला सभासद ओळखीचा असल्याशिवाय हे क्लब फारसे दाद देत नाहीत, पण परदेशातून आलेल्या पाहुण्याला आठवड्यातल्या काही ठरावीक दिवशी घेतात. यजमानांच्या पुण्यातल्या क्लबाकडून ओळखपत्र आणि हँडिकॅपचा दाखला आणा, निघण्याच्या बऱ्याच आधी ईमेल करा. फी दणदणीत असते, ती आधीच विचारून घ्या म्हणजे घरात शांतता राहील. मोठ्या नावांचा अट्टहास नसेल तर वुडलंड्स बघा. तिथे गाजावाजा कमी आहे, मला तो फार आवडतो, आणि छोट्या पार चारांची मजा तिथेच आहे.

एवढा खर्च नको असेल तर रॉयल मेलबर्नच्या समोर, रस्त्यापलीकडे, सँडी गोल्फ लिंक्स आहे. सार्वजनिक, कुणीही पैसे भरून खेळावं. जमीन तीच, वाळू तीच, आणि नवी आखणी ओसीएमचीच. चोवीस हँडिकॅपला अगदी योग्य, लांबीने छळत नाही. भाड्याने काठ्या मिळतात, पुण्याहून ओझं आणू नका. तुम्हाला चालायचंय तर बरोबर चालू देतात, आधी विचारा फक्त.

डिसेंबरात उत्तरेकडून गरम वारा सुटला की पारा चाळिशीला जातो, आणि दुपारी दक्षिणेचा वारा फिरला की तासाभरात स्वेटर लागतो. सकाळची वेळ घ्या, टोपी आणि दोन्ही ऋतूंचे कपडे गाडीत ठेवा.

छावणीवाला

ताई, यजमानांना सांगा, बंकरमध्ये गेलात तर बाहेर आल्यावर वाळू रेकने सारखी करून या. नाहीतर फळीवाला येईल.

पर्वतीच्या_पायऱ्या

सांगते! त्यांचा निम्मा वेळ तिथेच जातो, रेक कुठे असतो ते पाठ आहे त्यांना. सँडीचं आजच बघते. आणि वुडलंड्सला कुठल्या स्टेशनवर उतरायचं?

दक्षिणवारा

मॉर्डियालॉक, फ्रँक्स्टनच्या गाडीने. तिथून टॅक्सी करा, सामान घेऊन चालण्यासारखं अंतर नाही.